तयारीचा अनुशेष

‘अनुशेष’ हा शब्द मराठवाड्याला शिकवावा लागत नाही. १९७४ च्या विकास आंदोलनाची ठिणगी नोकऱ्यांच्या प्रश्नावरून पडली. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९८३ साली, राज्य शासनाने प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करण्यासाठी प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा बाबतींत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे हे या समितीने मोजले, आणि ही तूट भरून काढण्यास सुमारे ३,१८६ कोटी रुपये लागतील असा हिशेब १९८४ च्या अहवालात मांडला. त्या हिशेबाच्या पद्धतीवर पुष्कळ वाद झाले. पण समितीने एक काम निःसंशय केले. तिने गाऱ्हाण्याला आकड्याचे रूप दिले. जे मोजले जात नाही, त्याची मागणीही धडपणे करता येत नाही, हा धडा मराठवाड्याच्या कार्यकर्त्यांनी त्यातून घेतला.

अनुशेषाचा दुसरा प्रकार शासकीय कार्यालयांच्या बिंदुनामावलीत आढळतो. अपंगांसाठी राखून ठेवलेल्या, पण वर्षानुवर्षे न भरलेल्या जागांचा हा अनुशेष होय. तोही, निदान कागदावर, मोजता येतो. तिसरा अनुशेष मात्र कोणत्याच नोंदवहीत नाही. नांदेड किंवा लातूरच्या महाविद्यालयातून पदवी घेतलेला अंध, कर्णबधिर वा अस्थिव्यंग विद्यार्थी निवड समितीसमोर जाऊन बसतो, तेव्हा त्याच्या पाठीशी कितीशी तयारी असते? आणि टेबलाच्या पलीकडे बसलेल्यांची तरी किती असते? हा तयारीचा अनुशेष होय. पहिल्या दोन अनुशेषांवर ठराव झाले, मोर्चे निघाले, न्यायालयात दावे गेले. या तिसऱ्याकडे चळवळीचेही लक्ष गेलेले नाही. आणि दुसरा अनुशेष भरून निघत नाही याचे एक कारण या तिसऱ्यात दडलेले आहे.

प्रथम कायद्याची स्थिती पाहावी. केंद्र शासनाने १९७७ साली कनिष्ठ वर्गांतील पदांमध्ये अपंगांसाठी ३ टक्के जागा राखल्या. १९९५ च्या कायद्याने या तरतुदीला वैधानिक आधार मिळाला. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास मान्यता दिली, आणि त्या कराराशी सुसंगत असा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, शासकीय नोकऱ्यांतील आरक्षण ४ टक्क्यांवर नेले आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा राखल्या. शासकीय आस्थापनेच्या व्याख्येत शासनाचे अनुदान घेणाऱ्या संस्थाही येतात, ही गोष्ट नांदेड-लातूरच्या संदर्भात फार महत्त्वाची आहे. कारण येथील शिक्षणाचा डोलारा मुख्यतः अनुदानित खाजगी संस्थांवर उभा आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही झाला. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आला, विभाग आला, आयुक्त आहेत, ओळखपत्रे आहेत. मग जागा रिकाम्या का राहतात?

याचे उत्तर कायद्याच्या ३४ व्या कलमातील दुसऱ्या पोटकलमात शोधावे लागते. एखाद्या वर्षी योग्य अपंग उमेदवार मिळाला नाही, तर ती जागा पुढील भरती वर्षात न्यावी. त्याही वर्षी मिळाला नाही, तर ती अपंगत्वाच्या पाच गटांत अदलाबदल करून भरावी. आणि तरीही कोणी मिळाला नाही, तरच अपंग नसलेल्या उमेदवाराची नेमणूक करावी, असा त्या पोटकलमाचा क्रम आहे. वाचताना ही तरतूद समंजस वाटते. पण तिची सारी भिस्त ‘योग्य’ या एका शब्दावर आहे. योग्यता कोठे ठरते? जेथे मुलाखत आहे तेथे ती मुलाखतीच्या खोलीत ठरते. समितीने ‘योग्य उमेदवार उपलब्ध झाला नाही’ असा शेरा दोन वर्षे मारला की तिसऱ्या पायरीवर राखीव जागा राखीव राहत नाही. मोर्चाने आणि न्यायालयीन लढ्याने मिळवलेली जागा एका ओळीच्या शेऱ्याने हातची जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१३ च्या निकालात अपंगांच्या आरक्षणाची गणना संवर्गातील एकूण रिक्त पदांवर करावी असे बजावले, तेव्हा गणनेतील पळवाट बंद झाली. शेऱ्याची पळवाट मात्र उघडीच राहिली. म्हणून मुलाखतीच्या तयारीकडे दयाबुद्धीने चालवलेला उपक्रम म्हणून पाहणे चूक आहे. तो राखीव जागेच्या रक्षणाचा भाग आहे.

यावर कोणी म्हणेल, मुलाखती आता उरल्या आहेत कोठे? केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’ मधील पदांच्या मुलाखती बंद केल्या, हे खरे आहे. वशिलेबाजीला त्यामुळे आळा बसला असेल तर ते स्वागतार्हच आहे. पण ज्या पदांना अधिकार, वेतन आणि प्रतिष्ठा आहे तेथे मुलाखत कायम आहे. संघ लोकसेवा आयोग, राज्य लोकसेवा आयोगाची राजपत्रित पदे, सार्वजनिक बँकांतील अधिकारी येथे मुलाखत आहे. खाजगी अनुदानित शाळांना शिक्षक भरतीत ‘मुलाखतीसह’ हा पर्याय दिला गेला. महाविद्यालयीन अध्यापकांच्या बाबतीत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी तर शैक्षणिक गुणांकन मुलाखतीस बोलावण्यापुरते ठेवले आणि अंतिम निवड मुलाखतीवर सोपवली. खाजगी कारखाने व कंपन्या यांची तर सारी भरतीच मुलाखतीवर चालते. अर्थात कनिष्ठ पदापर्यंत अपंग उमेदवाराला लेखी परीक्षेने जाता येते. त्याच्या वर जायचे तर मुलाखतीचा उंबरठा ओलांडावा लागतो. परिणामी चतुर्थ श्रेणीत आणि लिपिकवर्गात अपंग माणूस दिसतो, अधिकाऱ्याच्या खुर्चीत क्वचित दिसतो, आणि मग हीच त्यांची कुवत, असा समज दृढ होतो.

हा समज निर्माण कसा होतो, याचे विवेचन अर्थशास्त्राने केलेले आहे. एडमंड फेल्प्स यांनी १९७२ साली दाखवून दिले की, निवड करणाऱ्याच्या मनात द्वेष नसतानाही भेदभाव घडू शकतो. समोरच्या व्यक्तीविषयी पुरेशी माहिती नसली की मालक तिच्या गटाविषयीच्या सरासरी समजुतीवर विसंबतो. अंध माणसाला संगणक कसा चालवता येतो हे ज्याने कधी पाहिलेले नाही, तो समितीचा सदस्य ‘जमणार नाही’ या बाजूला झुकतो. त्यात त्याला क्रौर्य वाटत नाही. उलट आपण व्यवहारी निर्णय घेतला असेच वाटते. अशा वेळी उमेदवाराजवळ एकच साधन असते. त्या अज्ञानाच्या जागी दहा मिनिटांत नेमकी माहिती ठेवणे! ही कला उपजत नसते. ती शिकवावी लागते, तिचा सराव घ्यावा लागतो.

आता हा विद्यार्थी कोण, हेही पाहावे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे येतात. किनवटच्या डोंगराळ भागातून, मुखेड-देगलूरकडच्या कोरडवाहू गावांतून, उदगीर-निलंग्याच्या पट्ट्यातून विद्यार्थी या महाविद्यालयांत येतात. त्यांतल्या कोणाला बालपणी पोलिओ झाला आहे, कोणाची दृष्टी जन्मतः अधू आहे, कोणी शेतातल्या यंत्रात हात गमावला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने लातूर जिल्ह्यात अपंगत्व काय असते हे एका रात्रीत दाखवले. भूकंपग्रस्तांसाठी २ टक्के समांतर आरक्षण राज्याने ठेवले, त्यामुळे समांतर आरक्षणाचा अर्थ येथे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. अपंगांचे आरक्षणही तसेच समांतर आहे. ते प्रत्येक प्रवर्गातून आडवे जाते. दलित, भटक्या वा कुणबी घरातील अपंग मुलगा त्या प्रवर्गाचाही असतो आणि अपंगही असतो, हे विसरून चालणार नाही.

अशा घरावर अपंगत्वाचा दुहेरी भार पडतो. अमर्त्य सेन यांनी हे फार स्वच्छपणे मांडले आहे. अपंगत्वामुळे मिळकत कमी होते, हा एक भाग. आणि मिळालेल्या पैशाचे सुस्थितीत रूपांतर करण्यास इतरांपेक्षा अधिक खर्च लागतो, हा दुसरा. ब्रिटनमधील अभ्यासाचे जे आकडे त्यांनी उद्धृत केले, ते बोलके आहेत. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांत राहणाऱ्यांचे प्रमाण तेथे एकूण लोकसंख्येत १७.९ टक्के होते. अपंग सदस्य असलेल्या कुटुंबांत ते २३.१ टक्के भरले. आणि अपंगत्वामुळे वाढलेला खर्च हिशेबात धरताच ते ४७.४ टक्क्यांवर गेले. ही कल्याणकारी राज्याची कथा. किनवटच्या विद्यार्थ्याला मुलाखतीसाठी मुंबईला जायचे, तर सोबतीला माणूस हवा, त्याची मजुरी बुडते, एक दिवस आधी पोहोचावे लागते, जिना नसलेली राहण्याची जागा शोधावी लागते, स्थानकापासून रिक्षा करावी लागते. एसटीच्या प्रवासभाड्यात ७५ टक्के सवलत आहे. पण बाकीच्या खर्चाला सवलत नाही. ज्या मुलाखतीची तयारी कोणी करून घेतलेली नाही तिच्यासाठी हे घर कर्ज काढते, आणि पहिल्या अपयशानंतर दुसऱ्यांदा कर्ज काढण्याचे धैर्य उरत नाही. एकूण अपंगांपैकी जेमतेम ३६ टक्के काम करणारे आहेत, असे २०११ च्या जनगणनेत दिसले. त्या आकड्यामागे अशी न दिलेल्या मुलाखतींची रांग उभी आहे.

तयारी म्हणजे नेमके काय? इंग्रजीत ‘गुड मॉर्निंग’ म्हणावयास शिकवणे आणि गळपट्टा बांधून देणे नव्हे. शहरी शिकवण्यांनी व्यक्तिमत्त्व विकासाच्या नावाखाली हेच विकले आहे. खरी तयारी मुलाखतीच्या बऱ्याच आधी, एका पत्राने सुरू होते. बोलावणे आले की उमेदवाराने त्या कार्यालयाला आपल्या गरजा लेखी कळवाव्यात : खोली तळमजल्यावर असावी, किंवा उद्वाहन चालू असावे, सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा, वाचावयास द्यावयाचा मजकूर मोठ्या अक्षरात किंवा संगणकावर ऐकता येईल असा हवा, बोलताना अडखळणाऱ्यास जास्त वेळ हवा. २०१६ च्या कायद्याच्या भाषेत ही वाजवी सोय होय आणि ती नाकारणे हा भेदभाव होय. लेखी परीक्षेच्या बाबतीत २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी ताशी किमान २० मिनिटे अधिक वेळ आणि लेखनिक यांची व्यवस्था स्पष्ट केली. ११ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ४० टक्क्यांची अट न लावता, गरज असलेल्या उमेदवाराला लेखनिक नाकारता येणार नाही असे ठरवले. मुलाखतीतही हेच तत्त्व लागू पडते. पण ते मागितल्यावाचून मिळत नाही. आपला मुलगा मात्र ‘साहेबांना राग येईल’ म्हणून मागत नाही. दोन जिने चढून घामाघूम होतो आणि धाप लागलेल्या अवस्थेत पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. समिती त्याच्या उत्तराला गुण देते. जिन्याला कोणी गुण देत नाही.

दुसरी तयारी स्वतः बोलण्याची. खेड्यातील अपंग मुलाच्या वतीने लहानपणापासून कोणी ना कोणी बोलत असते. दवाखान्यात आई, शाळेत मोठा भाऊ, प्रमाणपत्राच्या रांगेत काका. प्रश्न मुलाला विचारला जातो आणि उत्तर काका देतात. हा मायेचाच प्रकार. पण वीस वर्षे दुसऱ्याच्या तोंडून बोललेला तरुण समितीसमोर एकटा बसतो, तेव्हा ज्ञान असूनही त्याचा शब्द बाहेर येत नाही. यावर व्याख्यान हा उपाय नव्हे. महिन्यातून एकदा, अनोळखी माणसांसमोर, सोबत्याला बाहेर ठेवून घेतलेली सराव मुलाखत हाच उपाय आहे. पहिल्या तीन वेळा तो गप्प बसेल. चौथ्या वेळी बोलेल. मराठीतून बोलण्याचाही संकोच काढून टाकावा. संघ आणि राज्य लोकसेवा आयोगांसमोर मराठीतून मुलाखत देता येते. मराठी माध्यम हा न्यूनतेचा दाखला नव्हे.

तिसरी तयारी, आणि सर्वांत नाजूक, अपंगत्वाविषयीच्या प्रश्नाची. ‘हे कशामुळे झाले?’ ‘घरी कोण सांभाळते?’ ‘एवढे जमेल का?’ हे प्रश्न येतातच. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने नोकरी देऊ करण्यापूर्वी अपंगत्वाविषयी असे प्रश्न विचारण्यास मालकाला मनाई केली. काम करता येईल का, एवढेच त्याला विचारता येते. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यानेही तशीच बंधने घातली. भारतीय कायदा भेदभाव निषिद्ध मानतो. पण प्रश्नांची अशी सुस्पष्ट मर्यादा त्यात घालून दिलेली नाही. म्हणून उमेदवाराने स्वतःच संभाषण आजाराकडून कामाकडे वळवावयास शिकले पाहिजे. ‘लहानपणी ताप आला होता’ येथून सुरुवात करून दहा वाक्यांत व्यथा सांगणारा उमेदवार सहानुभूती मिळवतो आणि जागा गमावतो. ‘हिशेबाचे काम मी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर करतो, महाविद्यालयातील तीन वर्षांचे सारे काम त्यावरच केले, परवानगी असल्यास आताही करून दाखवतो,’ असे सांगणारा उमेदवार समितीच्या अज्ञानावर नेमके बोट ठेवतो. करून दाखवण्याची तयारी ही शब्दांपेक्षा मोठी. फळ्यावर लिहिण्याऐवजी वर्ग कसा घेणार, दूरध्वनी ऐकू येत नसता कचेरीचा पत्रव्यवहार कसा सांभाळणार, याचे उत्तर प्रत्येक पदासाठी वेगळे असते. ते त्या पदाचे काम नीट पाहूनच तयार करावे लागते.

विद्यार्थिनींची अडचण आणखी निराळी. मुलाखतीला पाठवावयासच घर तयार नसते. आणि पाठवले, तर समितीतील एखादा सदस्य लग्नाविषयी विचारून मोकळा होतो. अशा प्रश्नाला शांतपणे, ‘या पदाच्या कामाशी याचा संबंध नाही’ असे म्हणण्याचा सराव मुलींकडून आवर्जून करून घेतला पाहिजे. हे उद्धटपणाचे नाही, हे त्यांच्या पालकांनाही समजावून सांगितले पाहिजे.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. दोष समितीत असेल, तर तयारीचा भार अपंगावरच का? जो आधीच दुप्पट कष्टाने येथवर आला त्याला पुन्हा समितीचे मन राखावयास शिकवणे, हा अन्यायाशी केलेला समझोता नव्हे काय? आक्षेप खरा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. प्रांजल पाटील यांचे उदाहरण महाराष्ट्राला माहीत आहे. उल्हासनगरच्या या पूर्णतः अंध विदुषीने २०१५ ची नागरी सेवा परीक्षा ७७३ व्या क्रमांकाने उत्तीर्ण केली. मुलाखतीतही ती यशस्वी झाली. पण रेल्वेच्या लेखा सेवेने अंधत्वाचे कारण सांगून तिला प्रवेश नाकारला. तिने पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळवला, भारतीय प्रशासन सेवेत गेली आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी झाली. तयारीत ती तसूभरही उणी नव्हती. उणीव दुसऱ्या बाजूची होती. प्रत्येक अंध मुलीने दोनदा नागरी सेवा परीक्षा जिंकावी, अशी अपेक्षा करणारा समाज स्वतःला न्यायी म्हणवू शकत नाही.

म्हणूनच तयारी दोन्ही बाजूंची व्हावयास हवी. मुलाखत ही मोजमापाची विश्वासार्ह पट्टी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९८० रोजीच सांगून ठेवले आहे. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशाचा तो अजय हासिया खटला. दोन-तीन मिनिटांची मुलाखत, तिच्यात आईवडिलांची चौकशी, आणि तिला दीडशेपैकी पन्नास गुण! न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून अधिक गुण देणे मनमानीचे ठरवले आणि मुलाखत ध्वनिमुद्रित करणे इष्ट असल्याचे म्हटले. सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आधी ठरवलेल्या निकषांवर गुण, अशी मुलाखत घेतली तर निवड अधिक अचूक होते, हे संशोधनानेही दाखवले आहे. अशी मुलाखत अपंगाला न्याय देते आणि इतरांनाही देते. समितीच्या सदस्यांना काही साध्या गोष्टी आधी सांगितल्या पाहिजेत. अंध उमेदवारासमोर प्रत्येकाने प्रथम नाव सांगून बोलावे, आणि तो बहिरा नाही हे लक्षात ठेवावे. दुभाष्याकडे न पाहता कर्णबधिर उमेदवाराकडे पाहून प्रश्न विचारावा. मेंदूच्या पक्षाघातामुळे उच्चार अस्पष्ट असलेल्याचे वाक्य त्याच्यासाठी पुरे करू नये. आणि ‘योग्य नाही’ हा शेरा मारावयाचा, तर कोणत्या कामासाठी, कोणत्या सोयी देऊनही योग्य नाही, हे लिहून सही करावी. तेवढी एक अट घातली, तर कितीतरी शेरे लेखणीतून उतरणारच नाहीत.

न्यायालयांची दिशाही हीच आहे. ‘लातूर पॅटर्न’च्या बळावर वैद्यकीय प्रवेशाची स्वप्ने पाहणाऱ्या लातूरने १५ ऑक्टोबर २०२४ चा निकाल मुद्दाम वाचावा. वाचा व भाषेचे अपंगत्व असलेल्या एका विद्यार्थ्याचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले होते. अपंगत्वाची टक्केवारी ४० च्या वर आहे एवढ्यावरून विद्यार्थी अपात्र ठरत नाही. तो अभ्यासक्रम पुरा करू शकतो की नाही हे मंडळाने पाहावे, असे न्यायालयाने सांगितले. ३ मार्च २०२५ रोजी त्याच न्यायालयाने अंध उमेदवारांना न्यायिक सेवेची दारे बंद ठेवणारा मध्य प्रदेशचा नियम रद्द केला. अंध माणूस न्यायाधीश होऊ शकतो, तर तो महाविद्यालयात इतिहास शिकवू शकत नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?

खर्चाची सबबही फार काळ टिकणारी नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी ‘एनव्हीडीए’ ही प्रणाली दोन ऑस्ट्रेलियन अंध तरुणांनी २००६ पासून विकसित केली. ती विनामूल्य मिळते. उताराचा लाकडी पाट, तळमजल्यावरची खोली आणि पंधरा मिनिटे अधिक वेळ यांना कितीसा खर्च येतो? खाजगी क्षेत्रावर भारतीय कायद्याने आरक्षणाचे बंधन घातलेले नाही. मनुष्यबळात किमान ५ टक्के अपंग ठेवणाऱ्यांना प्रोत्साहन द्यावे, एवढेच ३५ वे कलम म्हणते. जर्मनीत वीस वा अधिक कामगार असलेल्या मालकाने ५ टक्के जागा तीव्र अपंगांना दिल्या नाहीत, तर त्याला भरपाई भरावी लागते. येथेही तशी तरतूद व्हावी ही मागणी रास्त आहे. पण तोवर हातात काहीच नाही असेही नव्हे. वीस वा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर केले पाहिजे, असा २०१७ च्या नियमांचा दंडक आहे. नांदेड-लातूरच्या औद्योगिक वसाहतींत किती कारखान्यांनी ते केले, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे.

दोन कटू गोष्टींचाही उल्लेख केला पाहिजे. २०२४ साली महाराष्ट्रातील एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्व प्रमाणपत्रावरून वादळ उठले आणि संघ लोकसेवा आयोगाने उमेदवारी रद्द केली. त्या प्रकरणाचा निवाडा यथावकाश होईल. पण त्यातून उठलेल्या संशयाचा दंड खऱ्या अपंगांनी भरावा, हा न्याय नव्हे. पडताळणी कडक व्हावी, परंतु ती मुलाखतीच्या टेबलावर नको. तेथे उमेदवाराला चालून दाखवावयास सांगणे हा अपमान आहे. दुसरी गोष्ट मराठवाड्यात सर्वांना ठाऊक असून कोणी उच्चारत नाही. काही शिक्षणसंस्थांत पदाचा भाव आधी ठरतो आणि मुलाखत मागाहून होते. तेथे कसलीही तयारी उपयोगी पडत नाही. परंतु तयारी केलेला उमेदवार मुलाखतीनंतर गुणपत्रक मागू शकतो, शेऱ्याची प्रत मागू शकतो, आयुक्तांकडे दाद मागू शकतो. विक्रीला काढलेल्या पदाच्या वाटेत तो निदान एक साक्षीदार म्हणून उभा राहतो.

डॉ. लोहिया समान संधीवर न थांबता विशेष संधीची भाषा बोलत. शर्यतीच्या रेषेवर सर्वांना एकत्र उभे केल्याने शर्यत न्याय्य होत नाही, हा त्यामागील विचार. राखीव जागा ही विशेष संधी आहे. परंतु त्या जागेपर्यंत नेणारी वाट मोकळी नसेल तर ती संधी नाममात्र उरते. ही वाट मोकळी करणे शासनाचे काम आहेच. केंद्राने १९६८ साली मुंबई व हैदराबाद येथे अपंगांसाठी व्यवसाय पुनर्वसन केंद्रे उघडली. मराठवाडा या दोन्ही शहरांच्या मधोमध असून दोघांपासूनही दूर राहिला. विद्यापीठाच्या चारही जिल्ह्यांत अंतिम वर्षाच्या अपंग विद्यार्थ्यांसाठी सराव मुलाखतीची कायम व्यवस्था विद्यापीठाने करावी, तिच्यासाठी प्रवासखर्चासह तरतूद अंदाजपत्रकात दाखवावी, आणि अध्यापक निवडीच्या प्रत्येक समितीला वर सांगितलेली सूचनावली द्यावी, ही मागणी विनाविलंब पुढे रेटली पाहिजे.

पण ठराव करून वाट पाहण्याची गरज नाही. उदगीर, अहमदपूर, निलंगा, देगलूर, मुखेड, किनवट या गावी पक्षाचे कार्यकर्ते आहेत, सहानुभूतिदार आहेत. त्यांत सेवानिवृत्त शिक्षक आहेत, बँकेतले कर्मचारी आहेत, वकील आहेत. प्रत्येक तालुक्यात महिन्यातून एक रविवार, एक खोली आणि चार माणसे एवढ्यावर सराव मुलाखत उभी राहते. त्या चौघांत एक जण नोकरीत असलेला अपंग कर्मचारी अवश्य असावा; समितीसमोर काय घडते हे त्याच्याइतके कोणी सांगू शकणार नाही. गरजा कळवणाऱ्या पत्राचा मराठी नमुना वकिलांनी एकदाच तयार करून द्यावा. सोबत्याच्या खर्चासाठी वर्गणीतून लहानसा निधी ठेवावा. आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली जिल्हा परिषद, महापालिका व अनुदानित महाविद्यालये यांच्याकडे तीनच प्रश्न विचारावेत : अपंगांसाठी किती पदे राखीव आहेत, किती रिक्त आहेत, आणि मागील पाच वर्षांत ‘योग्य उमेदवार नाही’ असा शेरा किती वेळा, कोणत्या कारणासह मारला गेला?

दांडेकर समितीने रस्ते आणि पाटबंधारे मोजले तेव्हा मराठवाड्याच्या दुःखाला पहिल्यांदा हिशेब मिळाला. हा हिशेब मोजण्यास समिती लागणार नाही. दोन जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी हे तीन अर्ज टाकले आणि मिळालेली उत्तरे एकत्र मांडली, की तयारीचा अनुशेषही आकड्यांत दिसू लागेल. पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या आत ते काम व्हावे.